डावी सीट

ब्रेकमावशी गाडी शिकवायच्या. त्या एका शिकाऊ माणसाला शिकवत असल्या तरी आजूबाजूच्या रस्त्यांवरच्या गाड्याही थांबायच्या, कारण मावशी ‘ब्रेक!’ म्हणून ओरडल्या की तो हुकूम नेमका कुणाला आहे हे विचारायच्या फंदात कुणी पडत नसे. एकदा शेजारून जाणारा सायकलवाला त्या आवाजासरशी थांबला आणि सायकलवरून उतरून मान खाली घालून उभा राहिला. ‘तुम्हाला नाही हो!’ असं मावशींनी खिडकीतून सांगितल्यावर बिचारा पुढे गेला.

त्यांची गाडी छोटी, पांढरी आणि चारही कोपऱ्यांना चेपलेली. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगपाशी बसायचा आणि मावशी डावीकडे. डाव्या सीटच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक बसवून घेतलेले होते. त्या ब्रेकवर मावशींचा उजवा पाय इतकी वर्षं ठेवलेला होता, की लग्नाच्या पंगतीत बसल्या तरी कुणी वाढायला जरा जोरात आलं की तो पाय खाली दाबला जाई. पाय झाला, आता हात. शिकणाऱ्याचं वळण चुकतंय असं दिसलं, किंबहुना चुकेल असं नुसतं वाटलं, की मावशींचा हात डावीकडून येऊन स्टिअरिंगचा ताबा घेई. त्यासाठी त्या काही बोलत नसत. शिकणाऱ्याच्या बोटांवर एक चापट बसे आणि गाडी आपोआप सुरळीत जागेवर लागे.

मावशींच्या हाताखालून गेलेल्या माणसाला लायसन्स मिळे, पण आपण आयुष्यात एकदा तरी स्वतः गाडी लावली आहे का, याची त्याला खात्री नसे. शेवटची वीतभर जागा मावशीच घ्यायच्या. यात काही गैर आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. आपण आहोत म्हणून गावातल्या भिंती उभ्या आहेत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

घरीही काही वेगळा कारभार नव्हता. मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल, डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. माणूस अगदी गरीब स्वभावाचा, आणि बोलणं घड्याळाच्या बारक्या स्क्रूसारखं, हरवलं तर सापडायचं नाही. पंखा किती जोरात फिरावा, टीव्हीवर काय लागावं, गॅसची आच किती असावी, हे सगळं मावशी ठरवत. घड्याळवाल्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायला आधी माणसाला एखादं वाक्य पुरं करायला मिळावं लागतं.

तर असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी मावशी एका नवशिक्या बाईंना घेऊन गावाबाहेरच्या छोट्या विमानतळामागच्या रस्त्यावर गेल्या. तिथे वर्दळ नसे, आणि कुंपण तारेचं असल्यामुळे धडक बसली तरी आवाज कमी होई. बाईंनी क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली. तेवढ्यात कुंपणापलीकडे एक छोटंसं विमान येऊन अलगद टेकलं, वळलं आणि त्यांच्या अगदी समोर येऊन थांबलं. दार उघडून एक तरुण उतरला. डोळ्यांवर काळा चष्मा, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या.

‘खांब्या!’ मावशी म्हणाल्या.

खांब्या हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मावशींनी ठेवलं होतं. गाडी शिकायला आला तेव्हा या मुलाने चौकातला एकच खांब पुन्हा पुन्हा गाठला होता. खांब जागचा हलत नव्हता, रंगवलेला होता, लांबून दिसत होता, तरी याला तो चुकवता येत नसे.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘हा विमान चालवतो? हा? मग मी काय घोडं मारलंय?’

स्टिअरिंगवरच्या बाईंना वाटलं आपल्यालाच रागावतायत. त्यांनी घाईघाईने सॉरी म्हटलं आणि गाडी पुन्हा बंद पाडली.

दुसऱ्याच दिवशी मावशी फ्लाइंग क्लबच्या ऑफिसात हजर. तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना सगळे कॅप्टनबाई म्हणत. या कॅप्टनबाई अंगाने लहानखुऱ्या, आवाजाने हळू, आणि समोरचा माणूस बोलून दमेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. मावशी बोलून दमल्यावर त्या म्हणाल्या, ‘नोकरी करायची नसेल, स्वतःच्या हौसेने उडायचं असेल, तर वयाची आडकाठी नाही. डॉक्टरांनी पास केलं पाहिजे, थोडा अभ्यास करून लेखी परीक्षा द्यावी लागेल, आणि प्रशिक्षक शेजारी बसून शिकवेल. त्याची खात्री पटली की एक दिवस तो खाली उतरेल आणि तुम्ही एकट्या जाल. त्याला आम्ही सोलो म्हणतो.’

‘एकटी म्हणजे शेजारी कुणी नाही?’

‘कुणी नाही.’

मावशींनी हयातभर गाडी चालवली होती, पण ती दुसऱ्याच्या शेजारी बसून, बाजूने हात घालून. घरी यायच्या तेव्हा मान एका बाजूला वळलेली असायची. एकदा आपण एकटीने वर जावं, एकटीने खाली यावं आणि शेजारी कुणाकडेही बघावं लागू नये, ही इच्छा त्यांच्या मनात त्या क्षणी अशी घट्ट बसली की खांब्यावरचा रागही त्या विसरल्या. म्हणजे, थोडा वेळ विसरल्या.

डॉक्टरांची तपासणी लवकर आटोपली. कान तपासायला डॉक्टर पाठमोरे उभे राहून पुटपुटले, तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘स्पष्ट बोला की जरा.’

‘म्हणजे ऐकू आलं नाही?’

‘आलं. पण ही काय बोलायची पद्धत झाली?’

डॉक्टरांनी पुढची तपासणी तोंडाकडे बघून केली आणि पास केलं. घरी येऊन मावशींनी जाहीर केलं, ‘अहो, मी विमान शिकतेय.’

घड्याळवाल्यांनी मान वर केली. भिंगामुळे त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. त्यांनी विचारलं, ‘त्यात कुणाला शिकवणार आहेस?’

‘मी शिकणार आहे!’

‘तू?’ घड्याळवाले म्हणाले, आणि चिमट्यातलं दातेरी चक्र खाली पडलं ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

पहिल्या धड्याला प्रशिक्षक म्हणून नेमका खांब्याच आला. मावशींना विमानाशेजारी उभं बघून त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि त्याने लायसन्स चाचपलं.

‘मावशी, एक विनंती आहे,’ तो इकडेतिकडे बघत कुजबुजला. ‘इथे मला खांब्या म्हणू नका. इथे सगळे मला सर म्हणतात.’

‘बरं,’ मावशी म्हणाल्या. ‘खांब्यासर म्हणेन.’

उडण्याआधी विमानाभोवती फिरून सगळं तपासायचं असतं. मावशींना ते फार पसंत पडलं. त्यांनी टायरला लाथ मारून बघितली, पंखांचे मागचे हलणारे भाग वरखाली करून बघितले, पंखाखालून थोडंसं पेट्रोल कपात काढून त्यात पाणी नाही ना हे उन्हात धरून बघितलं. ‘आपली माणसं गाडीत बसतात ती थेट सेल्फ मारतात,’ त्या म्हणाल्या. खांब्याच्या जिवात जीव आला. मावशी ऐकतायत, शिकतायत. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, ‘बसा. शिकणाऱ्याने डावीकडे बसायचं असतं. शिकवणारा उजवीकडे.’

घोटाळा झाला तो इथे.

मावशी डाव्या सीटवर बसल्या, पट्टा आवळला, कानांवर हेडफोन चढवले. आणि त्यांचं मन जरी शिकायला आलेलं असलं तरी शरीराने सीट ओळखली. डावी सीट म्हणजे मास्तरांची. उजवीकडे बसतो तो शिकाऊ. उजवीकडे बघितलं तर तिथे खांब्याच बसलेला! मावशींच्या हातापायांची पक्की खात्री पटली की आपण नेहमीच्याच कामावर आहोत.

‘आरसा बघितलास?’ त्यांनी विचारलं.

‘विमानाला आरसा नसतो, मावशी.’

‘मग मागचं कसं दिसतं?’

‘मागून कुणी येत नाही.’

‘असं सगळेच म्हणतात,’ मावशी म्हणाल्या.

इंजिन सुरू झालं. विमान धावपट्टीकडे न्यायचं होतं. मावशींनी समोरचं हँडल झोकात डावीकडे फिरवलं. विमान नाकासमोर सरळ गेलं. त्यांनी आणखी फिरवलं. विमान सरळच, आणि समोर गवत कापायचं यंत्र घेऊन माळी उभा.

‘पाय! मावशी, पाय! जमिनीवर पायांनी वळतं! डावा पाय!’

आता संकटात मावशींचा कोणता पाय पुढे होतो हे सांगायला नको. उजवा पाय दाणकन दाबला गेला आणि विमान उजवीकडे वळून गिरकी घ्यायला लागलं. मावशी जितक्या जोरात ‘ब्रेक’ दाबत तितकं ते आणखी वळे. एक पूर्ण चक्कर मारून विमान पुन्हा माळ्यासमोर आलं. माळ्याने यंत्र तिथेच टाकून पळ काढला होता.

एवढं होऊनही ते वर गेलंच. चाकं जमिनीवरून सुटली, खडखड बंद झाली, आणि खाली सगळं गाव तबकात मांडल्यासारखं दिसायला लागलं. मावशींनी आपला चौक बघितला, खांब बघितला. रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या. सगळे चुकीच्या लेनमधून चालले होते, आणि इथून ओरडून काही उपयोग नव्हता. पहिल्यांदाच त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मावशींना इतका आनंद झाला की त्या चक्क गप्प बसल्या. खांब्याने हेडफोन बिघडले की काय म्हणून तपासून बघितले.

पुढच्या धड्यांत मावशींनी वळणं घेतली, चढणं शिकल्या, रेडिओवर बोलायला शिकल्या. टॉवरमधला माणूस म्हणाला की मावशी बोलताना त्याला रेडिओची गरज भासत नाही. लेखी परीक्षेचं पुस्तक त्या गाडीत ठेवायच्या आणि शिकाऊ माणूस सिग्नलला थांबला की वाचायच्या. सगळं ठीक चाललं होतं. अडलं ते उतरण्यापाशी.

विमानात दोघांपुढेही तेच हँडल असतं, तेच पेडल. दोघांनी एकाच वेळी चालवायला घेतलं तर दोघंही गोत्यात. म्हणून तिथे एक कडक नियम आहे. प्रशिक्षक म्हणतो, ‘कंट्रोल माझ्याकडे.’ शिकणाऱ्याने तत्क्षणी हात सोडायचे आणि म्हणायचं, ‘कंट्रोल तुमच्याकडे.’ वाद नाही, चर्चा नाही. हा नियम मावशींना तोंडपाठ होता. लेखी परीक्षेत त्यांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिलाही होता. पण जमीन जवळ आली, खांब्या घाबरा होऊन ‘माझ्याकडे!’ म्हणाला, की मावशींचे हात हँडलला अधिकच चिकटत.

‘थांब रे, खांब्या, होतंय.’

‘मावशी, सोडा! कंट्रोल माझ्याकडे!’

‘अरे, तुझ्याकडे देऊन काय होतं ते मी बघितलंय!’

खांब्या ओढायचा, मावशी ओढायच्या, आणि विमान बेडकासारखं टप्पे खात धावपट्टीवरून जायचं. त्यातच जमिनीजवळ वेग कमी झाला की विमानातला धोक्याचा भोंगा पीं करून वाजतो. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा मावशींनी मान मागे वळवून खडसावलं, ‘कोण तो हॉर्न मारतोय मागून? दिसत नाही का, शिकाऊ आहे!’

असे टप्पे खाऊन विमान थांबलं त्या दिवशी कॅप्टनबाई हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, दारात उभ्या होत्या. मावशी उतरल्या तशा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मावशी, तुमचा हात चांगला आहे. नजरही चांगली आहे. पण सोडा म्हटल्यावर सोडलं नाहीत, तर तुम्हाला मी वर पाठवू शकत नाही. एकटीने तर नाहीच, कुणाबरोबरही नाही. पुढच्या वेळी असं झालं तर शिकवणं बंद.’

कॅप्टनबाईंनी आवाज चढवला असता तर मावशींनी तोंडाचा पट्टा सोडला असता. पण त्या हळूच बोलल्या, आणि तेच मावशींना लागलं. बसमधून घरी जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गाडी असूनही त्या दिवशी त्या बसने गेल्या. ड्रायव्हरला एकदाही काही बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. डावीकडच्या खुर्चीवर स्वतः बसल्या, उजवीकडच्या खुर्चीवर घड्याळवाल्यांना बसवलं, आणि दोघांच्या मध्ये एक मोठी थाळी धरली.

‘हे हँडल,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही म्हणायचं, कंट्रोल माझ्याकडे. मग मी सोडणार.’

घड्याळवाल्यांनी घसा साफ केला. ‘कंट्रोल माझ्याकडे... जर तुझी हरकत नसेल तर.’

‘असं नव्हे! हुकूम द्या!’

‘कंट्रोल माझ्याकडे.’

मावशींनी थाळी सोडली नाही. बोटं सुटतच नव्हती. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं तर ती पांढरी पडली होती. दहादा झालं, वीसदा झालं. शेवटी एकदाची थाळी सुटली आणि मावशी म्हणाल्या, ‘कंट्रोल तुमच्याकडे.’

घड्याळवाले हातातल्या थाळीकडे बघत बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी या घरात प्रथमच काहीतरी त्यांच्याकडे आलं होतं.

आणि मग त्या गरीब माणसाला चटक लागली. सकाळी मावशी पंख्याच्या बटणाकडे निघाल्या तर मागून आवाज आला, ‘कंट्रोल माझ्याकडे.’ मावशींनी दात-ओठ खाल्ले, हात खाली घेतला. ‘तुमच्याकडे.’ पंखा एकवर आला. दुपारी कढईतला झारा गेला. संध्याकाळी टीव्हीचा रिमोट गेला, आणि घड्याळवाल्यांनी माशांच्या जीवनावरचा कार्यक्रम अखेरपर्यंत बघितला. शेजारीण साखर मागायला आली, तिच्या गप्पांत मावशी शिरणार तोच घड्याळवाले म्हणाले, ‘कंट्रोल माझ्याकडे,’ आणि शेजारणीला आपल्या लहानपणची एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. गोष्टीत काही दम नव्हता. पण ती पुरी झाली.

‘हा सराव आहे,’ मावशींनी बजावलं. ‘डोक्यावर बसू नका.’

‘सराव तर सराव,’ घड्याळवाले म्हणाले आणि गॅस बारीक केला.

गाडी शिकणाऱ्यांचीही वेगळीच तऱ्हा झाली. मावशी आता चापट न मारता आधी म्हणायच्या, ‘गाडी माझ्याकडे,’ मग स्टिअरिंग घ्यायच्या, आणि सरळ झाल्यावर म्हणायच्या, ‘गाडी तुमच्याकडे.’ एवढ्या अदबीची कुणाला सवय नव्हती. नवशिक्या बाईंनी घाबरून विचारलं, ‘मावशी, तुम्हाला बरं नाही का?’

मग तो दिवस आला. मावशी पुन्हा डाव्या सीटवर, खांब्या उजवीकडे, आणि कॅप्टनबाई हँगरच्या दारात. विमान वर गेलं, फेरी झाली, धावपट्टी समोर आली. मावशींच्या मते सगळं बरं चाललं होतं. जमीन जवळ आली, आणि खांब्या ओरडला, ‘कंट्रोल माझ्याकडे!’

मावशींनी सोडलं. दोन्ही हात एकदम वर! ‘कंट्रोल तुमच्याकडे, सर!’

पण खांब्याला ते माहीत कुठे होतं? तो नेहमीसारखी कुस्ती खेळायच्या तयारीने, सगळा जोर एकवटून हँडल ओढत होता. समोरून विरोधच नाही म्हटल्यावर हँडल सर्रकन त्याच्या पोटात आलं, विमानाने नाक आभाळाकडे केलं, भोंगा किंचाळला. खांब्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक खाली घेतलं, आणि उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं. मावशी हात वर करूनच बसल्या होत्या.

खाली आल्यावर कॅप्टनबाईंनी आधी मावशींकडे बघितलं. ‘सोडलंत?’

‘सोडलं,’ मावशी म्हणाल्या.

‘छान.’ मग त्या खांब्याकडे वळल्या. ‘तू का घेतलंस?’

‘मॅडम, चुकलं असतं तर?’

‘चुकलं होतं का?’

‘चुकणार होतं.’

मावशींच्या कानांत ते शब्द घुसले. चुकणार होतं. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक शिकणाऱ्याला त्या स्वतः हेच ऐकवत आल्या होत्या.

‘त्यांनी आजवर एक तरी उतरणं स्वतः पुरं केलंय?’ कॅप्टनबाईंनी विचारलं. ‘प्रत्येक वेळी शेवटी तू हात घालतोस. मग त्या शिकणार कधी? हे असं शिकवायला तू शिकलास तरी कुठे?’

खांब्याने मावशींकडे बघितलं. मावशींनी माळ्याकडे बघितलं. माळी गवताकडे बघत होता.

‘अच्छा,’ कॅप्टनबाई म्हणाल्या, आणि बहुधा पहिल्यांदाच त्या मोठ्याने हसल्या.

पुढच्या उड्डाणाला कॅप्टनबाई स्वतः मागच्या सीटवर बसल्या. खांब्याला त्यांनी हात मांडीखाली घालून बसायला सांगितलं. धावपट्टी जवळ येत गेली तसा खांब्या घामाने निथळायला लागला. ‘मावशी, नाक... नाही, काही नाही. मावशी, वेग... नाही, नाही.’ त्याची तडफड मावशींना ओळखीची होती. त्यांना त्याची दया आली आणि हसूही आलं, आणि त्या गडबडीत त्यांनी विमान एकदा आपटून, एकदा टेकवून, स्वतःच्या हातांनी उतरवलं. मागून कॅप्टनबाई एवढंच म्हणाल्या, ‘खूप वाईट. पण तुमचं.’

मावशी त्या रात्री आनंदाने जेवल्याच नाहीत.

वाईट उतरणं हळूहळू बरं झालं, बरं ते चांगलं झालं. आणि एका स्वच्छ सकाळी, दोन फेऱ्या झाल्यावर, खांब्याने विमान बाजूला थांबवायला सांगितलं, स्वतःचा पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरला. ‘एक फेरी,’ तो म्हणाला. ‘एकट्या जा, मावशी.’

कुंपणाशी घड्याळवाले उभे होते. त्यांना कॅप्टनबाईंनीच बोलावून घेतलं होतं. बायको एकटी विमानात बसलीय हे कळल्यावर त्यांनी कुंपणाची तार घट्ट धरली.

खांब्याचं वजन कमी झाल्यामुळे विमान टुणकन उडालं. मावशींनी उजवीकडे बघितलं. सीट रिकामी होती आणि पट्टा नीट बांधून ठेवलेला होता. तिथे ओरडायला कुणी नव्हतं, चुकणारं कुणी नव्हतं. मावशींना भीती वाटली, अगदी खरीखुरी भीती, आणि त्या भीतीसकट त्या मोठ्याने हसल्या. वळल्या, पुन्हा वळल्या, धावपट्टीच्या रेषेत आल्या.

आणि उंची जास्त होती. धावपट्टीचं तोंड खालून सरकून गेलं, अर्धी पट्टी संपत आली, तरी विमान टेकायचं नाव घेईना. मावशींचे हात हँडलवर आवळले. हातात घेतलेलं काम त्यांनी कधी अर्धवट टाकलं नव्हतं. दाबून बसवू, कसंही बसवू, हे मनात आलंच. खाली सगळे बघत होते. नवरा बघत होता, खांब्या बघत होता. टेकलं की झालं.

‘माझ्याकडे’ म्हणणारं आज शेजारी कुणी नव्हतं. म्हणजे सोडायचं तेही आपणच ठरवायचं, हे मावशींना त्या क्षणी कळलं. त्यांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि जमिनीवरची नजर काढून आभाळाकडे लावली. विमान सगळ्यांच्या डोक्यांवरून पुन्हा वर निघून गेलं.

‘अहो, हे काय?’ घड्याळवाल्यांचे डोळे पांढरे झाले. ‘ती कुठे चालली?’

खांब्या दोन्ही हात वर करून आनंदाने नाचत होता. कॅप्टनबाई घड्याळवाल्यांना म्हणाल्या, ‘पुन्हा फेरी मारून येतील. हेच बरोबर.’

दुसऱ्या फेरीत मावशी योग्य उंचीवर आल्या, एक बारीकसा टप्पा घेतला आणि उतरल्या. विमान पायांनी वळवत जागेवर आणलं, इंजिन बंद केलं. खांब्या धावत आला. त्याच्यामागून तार ओलांडायचं सोडून फाटकाचा लांबचा रस्ता घेतलेले घड्याळवाले धापा टाकत पोचले.

‘मावशी, पहिल्या वेळी काय झालं?’ खांब्याने विचारलं.

‘जमत नव्हतं,’ मावशी म्हणाल्या. ‘सोडून दिलं.’

घड्याळवाल्यांनी आधी खांब्याकडे बघितलं, मग कॅप्टनबाईंकडे. दोघांनीही ऐकलंय याची खात्री करून घेतल्यावर ते बायकोजवळ गेले.

‘अगं, पुन्हा म्हण.’

‘काय?’

‘आत्ता म्हणालीस ते.’

मावशींनी हेडफोन काढले. केस विस्कटले होते आणि डोळे भरून आले होते. एरवी त्यांनी ‘एकदा ऐकू येत नाही का?’ म्हणून फटकारलं असतं.

‘जमत नव्हतं हो,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून सोडून दिलं.’